सातबाऱ्यावर नसलेला समुद्र : कोकणातल्या बंदरांबद्दल कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं घर कोल्हापुरात आणि सासुरवाडी मालवण तालुक्यात. उद्यमनगरात चहा पिताना कुणीतरी विचारतं, "ते बंदर कधी होणार?" सासुरवाडीच्या ओटीवर बसलं की तिकडून येतं, "तां बंदर खरांच होतलां काय?" प्रश्न तोच, पण एकाला घाई झालेली असते आणि दुसऱ्याला धास्ती. दोन्हीकडे तीच तीच उत्तरं देऊन झाली, म्हणून शेवटी लिहून काढली.

कोल्हापूरला समुद्र नाही. मग बंदराच्या भानगडीत आपण कशाला पडायचं?

आज समुद्र नाही, पण एके काळी होता. पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या शिलाहार भोज दुसऱ्याने बाराव्या शतकाच्या अखेरीस विजयदुर्ग बांधला, असं मानलं जातं. घाटावरच्या राजाने खाडीच्या तोंडाशी किल्ला उभारला तो काही सूर्यास्त बघायला नव्हे. माल, जकात आणि जहाजं यांच्यावर त्याची नजर होती. पुढे १७३१ च्या वारणेच्या तहानंतर मालवण आणि सिंधुदुर्ग करवीरकर छत्रपतींकडे राहिले. १८१२ च्या तहात मालवण बंदर किल्ल्यासकट इंग्रजांना द्यावं लागलं आणि कोल्हापूरची समुद्राशी असलेली थेट नाळ तुटली. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली तेव्हा व्यापाराने तोंडच फिरवलं. फोंड्याचा किंवा बावड्याचा घाट उतरून राजापूर-वेंगुर्ल्याकडे जाणारा माल हळूहळू मिरजमार्गे मुंबईला जायला लागला.

आज शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फौंड्र्यांतलं कास्टिंग परदेशी जातं ते बहुतांशी उरणजवळच्या न्हावाशेव्याहून (जवाहरलाल नेहरू बंदर). म्हणजे पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास ट्रकचं भाडं. रत्नागिरीचा किनारा याच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. कोकणात मोठं बंदर आणि नीट रस्ता झाला तर पैसे वाचणार ते आपले. या प्रकरणात आपण त्रयस्थ नाही, लाभार्थी आहोत.

कोकणात सध्या बंदरं आहेत तरी किती?

कागदावर भरपूर. मुंबई आणि जवाहरलाल नेहरू ही दोन मोठी बंदरं केंद्राची. त्याखेरीज ४८ लहान बंदरं महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत. हे मंडळ १९९६ मध्ये स्थापन झालं. या ४८ पैकी कित्येक ठिकाणी गेलात तर दिसेल एक जेटी, चार होड्या आणि तिकिटाची खिडकी. माल चढवण्या-उतरवण्याचं खरं काम थोड्याच ठिकाणी चालतं. शास्त्री नदीच्या तोंडाशी जयगड, जिथे २००९ पासून खासगी बंदर चालू आहे. राजपुरी खाडीवर दिघी, ज्याची मालकी २०२१ मध्ये बदलली. आणि दक्षिणेला रेडी, ज्याची ओळखच लोहखनिजाची. वाढवण वेगळंच प्रकरण आहे, त्याबद्दल पुढे.

बंदर झाल्यावर मच्छीमाराचं नेमकं काय जातं? समुद्र तर केवढा मोठा आहे!

हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल. आपण समुद्र बघतो तो गणपतीपुळ्याच्या पुळणीवरून, त्यामुळे तो सपाट आणि रिकामा दिसतो. तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, तो तसा दिसत नाही. कुठल्या खडकाजवळ जाळं फाटतं, कोणत्या महिन्यात कोलंबी खाडीच्या तोंडाशी येते, कुठून आत शिरलं की लाट आडवी घेत नाही, हे सगळं त्याच्या डोक्यात वाटांसारखं आखलेलं असतं.

आता बंदरात काय काय बांधतात ते बघा. लाटा अडवायला लाटरोधक भिंत घालतात. मोठी जहाजं यावीत म्हणून तळ उपसून खोल मार्ग काढतात आणि तो गाळ दुसरीकडे नेऊन टाकतात. भराव घालून जमीन तयार करतात. जहाजांच्या मार्गावर आणि नांगराच्या जागेवर सुरक्षेच्या कारणाने जाळी टाकायला बंदी येते. भिंतीमुळे किनाऱ्याने सरकणारी वाळू एका बाजूला साचते आणि दुसऱ्या बाजूचा किनारा खायला उठतो. भिंत एका गावात आणि धूप शेजारच्या गावात, असं होऊ शकतं. शेजारचं गाव 'बाधित' यादीत असतंच असं नाही.

बायकांचा तोटा तर बहुतेक अहवालांत सापडत नाही. ओहोटीला खाडीत उतरून कालवं, तिसऱ्या, मुळे काढणं हे बायकांचं काम. त्याला होडी लागत नाही, परवाना लागत नाही. सुकट-बोंबील वाळवायला पुळणीचा एक तुकडा लागतो, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला मोकळा किनारा लागतो. एका मे महिन्यात मी सासूबाईंना विचारून वहीत टिपत बसलो होतो: वाडीतली माणसं किनाऱ्यावर कुठल्या कुठल्या जागा वापरतात? होड्या ओढून ठेवायची जागा, जाळी विणायची जागा, वाळवण, पावसाळ्यात पाणी तुंबलं की जायची वाट, देवचाराचा (गावराखणदाराचा) दगड, मयतीची जागा, पोरांची खेळायची जागा. सात झाल्या. त्यातली एकही कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हती.

पण नुकसानभरपाई मिळतेच ना?

मिळते, पण कुणाला, ते बघावं लागतं. आपल्याकडे जमीन गेली म्हणजे काय ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गट नंबर, क्षेत्र, रेडीरेकनर, विहीर किती, झाडं किती. मोजणी झाली, भांडण झालं, कोर्टात गेलं, तरी भांडायला हातात एक कागद असतो. मच्छीमाराच्या हातात समुद्राचा कागद नसतो.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने एक चांगली गोष्ट केली आहे. 'बाधित कुटुंब' या व्याख्येत जमीनमालकांबरोबर वनांवर किंवा पाण्यावर पोट असलेली कुटुंबंही घेतली. मच्छीमार आणि होडीवाले असा स्पष्ट उल्लेख आहे. अट अशी, की संपादनाआधी तीन वर्षं तेच उपजीविकेचं मुख्य साधन असलं पाहिजे. मात्र खाचही तिथेच आहे. ही सगळी व्याख्या जमीन संपादित होण्याशी बांधलेली आहे. भराव समुद्रातच घातला आणि किनाऱ्यावरची फारशी जमीन घेतलीच नाही, तर 'आमची उपजीविका संपादनामुळे गेली' हे सिद्ध कसं करायचं? मग वेगळं धोरण, वेगळी समिती, वेगळे निकष. यादीत नाव येण्यासाठी बोटीचा परवाना दाखवा म्हणतात. तो बोटमालकाकडे असतो. खलाशाकडे काय असणार?

तरीही लढून मिळालेलं आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये द्यावेत असा निकाल दिला होता. जवाहरलाल नेहरू बंदराच्या विस्तारामुळे कांदळवन आणि मासेमारीची जागा गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. या निकालात मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मासेमारीची परंपरागत जागा गमावणं ही भरून देण्याजोगी हानी आहे, हे तिथे मान्य झालं.

उरणची आठवण निघालीच आहे तर जानेवारी १९८४ ची सांगायला हवी. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली भूसंपादनाविरुद्ध आंदोलन झालं, पोलीस गोळीबारात पाच जण गेले आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं सूत्र आलं. आज राज्यभर प्रकल्पग्रस्त ज्या सूत्राचा दाखला देतात, ते सरकारला आपणहून सुचलेलं नाही. त्याच उरणमध्ये शेवा कोळीवाड्यातून उठवलेल्या कुटुंबांना हनुमान कोळीवाड्यात वसवलं आणि तिथे घरांना वाळवीने पोखरलं. पुन्हा पुनर्वसन करा म्हणून ती माणसं दशकानुदशकं खेटे घालत राहिली. बंदर देशातलं अग्रगण्य झालं, त्याबद्दल वाद नाही.

बंदरामुळे स्थानिकांना कामं मिळतात की नाही?

मिळतात. बांधकाम चालू असताना जास्त, नंतर कमी. आधुनिक कंटेनर बंदर यंत्रांवर चालतं. क्रेन चालवायला प्रशिक्षण लागतं, कागदपत्रांना संगणक लागतो. गावाला पहिल्या फेरीत मिळतं ते सुरक्षारक्षक, ड्रायव्हर, कॅन्टीन, पाण्याचा टँकर. यात कमीपणा नाही, पण ज्याची स्वतःची होडी आहे त्याला ही बढती वाटत नाही. प्रशिक्षण बंदर सुरू व्हायच्या तीन-चार वर्षं आधी सुरू केलं तर चित्र बदलू शकतं. सुरू झाल्यावर काढलेल्या शिबिराचा उपयोग बहुतेक फोटोपुरता.

'सांस्कृतिक हित' म्हणजे काय? देऊळ तर सरकार दुसरीकडे बांधून देतं.

समजा उद्या कुणी म्हणालं, पंचगंगेचा घाट दोन किलोमीटर खाली हलवतो, नव्या फरशीच्या पायऱ्या, वर पार्किंग, शौचालय, सगळं चकाचक. कोल्हापुरात काय होईल? जे होईल ते पेठेतल्या तालमी बघून घेतील. घाट म्हणजे पायऱ्या नव्हेत, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

त्याहून नेमका दाखला अंबाबाईच्या किरणोत्सवाचा. नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांपासून चेहऱ्यापर्यंत चढतात. त्या वाटेत इमारती आल्या, किरणं अडली, तेव्हा शहराने तक्रारी केल्या, मोजणी झाली, अडथळे शोधून ते काढण्याची मागणी झाली. सूर्यकिरणांची वाट कुठल्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर आहे? कुठल्याच नाही. तरी तिला हक्क आहे हे आपण धरून चालतो.

किनाऱ्यावरचा माणूस हेच सांगत असतो, आपल्याला ते ऐकू येत नाही. देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वराला महाशिवरात्रीला गावोगावच्या देवस्वाऱ्या चालत येतात आणि समुद्रात तीर्थस्नान करतात. (कुणकेश्वराला कोकणकाशी म्हणतात आणि कोल्हापूरला दक्षिणकाशी. दोन्हीकडे पार्किंगचे हाल सारखेच.) त्या देवस्वारीची वाट ठरलेली असते, पाण्यात उतरायची जागा ठरलेली असते. आचऱ्याला दर काही वर्षांनी गावपळण होते. अख्खं गाव, गुराढोरांसकट, वेशीबाहेर राहायला जातं आणि देवाचा कौल झाला की परततं. ज्या गावाची वेस कंटेनर यार्डाच्या कुंपणाने ठरणार, त्या गावाने पळून कुठे जायचं? नारळी पौर्णिमेला सोन्याचा नारळ वाहायला बंदराच्या गेटवर पास काढायचा का? ऐकायला विनोदी वाटतं. मात्र संरक्षित बंदरक्षेत्रात प्रवेशाचे नियम तसेच असतात.

देऊळ हलवता येतं. वाट, दिशा आणि पाण्याशी असलेलं नातं हलवता येत नाही. म्हणून सांस्कृतिक हिताची यादी करताना 'किती मंदिरं' यापेक्षा 'कुठून कुठे जातात आणि केव्हा' असं विचारलं तर उत्तरं नीट मिळतात.

किल्ल्यांना काही कायदेशीर संरक्षण आहे का?

बऱ्यापैकी. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनेच बांधकाम, अशी २०१० च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत आपला पन्हाळा आहे आणि समुद्राकडचे खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्गही. भोजाचा डोंगरावरचा किल्ला आणि त्याचाच म्हणून सांगितला जाणारा पाण्यातला किल्ला आठशे वर्षांनी एका यादीत बसले, याची मला उगाच गंमत वाटते.

पण किल्ला म्हणजे फक्त तटबंदी नव्हे. विजयदुर्गाजवळ गिर्ये-रामेश्वरच्या खाडीत मराठा आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. उपसा करणारी यंत्रं खाडीत उतरली तर अशा जागांचं काय, हे शंभर-दोनशे मीटरचं वर्तुळ सांगत नाही. शिवाय वारसा म्हटला की स्थानिकाच्या पोटात गोळा येतो, तोही प्रश्न आहेच. यादीचा विषय निघाला तेव्हा पन्हाळ्यावरच्या रहिवाशांनाही धाकधूक वाटली होती, घराची डागडुजी करता येईल का म्हणून. वारसा जपणारेही गावाला न विचारता जपायला लागले की बंदरवाल्यांसारखेच वागतात.

वाढवण बंदराचा वाद थोडक्यात सांगा.

थोडक्यात सांगणं अवघड आहे, कारण तो तीसएक वर्षांचा आहे. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्याचा किनारा. नव्वदच्या दशकात तिथे एका परदेशी कंपनीच्या बंदराचा प्रस्ताव आला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं होतं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. त्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये बंदराला नकार दिला. बंदराची कल्पना नंतर पुन्हा वर आली, या वेळी सरकारी. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये ना हरकत दिली. उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये विरोधातल्या याचिका फेटाळल्या, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी आली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली.

खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, सागरी मंडळाचा २६. बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा खोटा नाही: तिथे समुद्राची नैसर्गिक खोली जास्त आहे, जगातली सर्वांत मोठी कंटेनर जहाजं आपल्याकडे थेट येऊ शकतील, सिंगापूर-कोलंबोला माल बदलण्यात जाणारा वेळ आणि पैसा वाचेल. विरोधाची घोषणा तुम्ही ऐकली असेल, "एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द". त्यामागे मासेमारी तर आहेच. त्याशिवाय भौगोलिक मानांकन मिळालेला घोलवडचा चिकू आहे, आणि वाढवण-वरोर-चिंचणीच्या घराघरांत चालणारा डायमेकिंगचा धंदा आहे. दागिन्यांचे साचे करणारा हा कारागीर आपल्या हुपरीच्या चांदीवाल्यांना लगेच कळेल. हुपरीच्या प्रत्येक घरातला कारखाना उचलून 'औद्योगिक वसाहतीत' नेतो म्हटलं, तर तो धंदा तसाच राहील का?

माझं मत विचाराल तर १९९८ चा नकार आणि २०२३ चा होकार यांच्यामध्ये नेमकं काय बदललं, हे किनाऱ्यावरच्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या दारात बसून कुणी समजावून सांगायला हवं होतं. तज्ज्ञांच्या अहवालांची थप्पी हे त्याचं उत्तर नव्हे.

मधला मार्ग कधी निघालाय का, की सगळीकडे नुसती भांडणंच?

निघालाय. वरळीचा बघा. मुंबईच्या किनारी रस्त्याचा पूल वरळी कोळीवाड्याच्या होड्यांच्या वाटेवर येत होता. दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. कोळ्यांनी सांगितलं, भरती-वारा असताना एवढ्यातून होडी काढणं म्हणजे ती खांबावर आपटणं, आम्हाला २०० मीटर हवेत. काम थांबलं, बैठका झाल्या, तज्ज्ञ आले. अखेर एक खांब वगळून अंतर १२० मीटर केलं गेलं. कोळ्यांना मागितलेलं सगळं मिळालं नाही आणि महापालिकेला आराखडा बदलावा लागला. पण वाट राहिली.

यातलं एक लक्षात घ्या. तिथे कुणी पैशाचं पाकीट देऊन विषय मिटवला नाही, एक खांब काढला. किरणोत्सवाच्या वाटेतला मजला उतरवण्यासारखंच हे. आराखड्याच्या टप्प्यावर हे कमी पैशात होतं. काँक्रीट ओतल्यावर त्याच वाटेसाठी दसपट पैसा लागतो, आणि तो कुणी देत नाही.

जनसुनावणी म्हणजे मतदान का? बहुमताने विरोध केला तर प्रकल्प रद्द होतो?

नाही. हा गैरसमज दोन्हीकडे आहे. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी अध्यक्ष असतात. तिला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे बहिष्कार टाकला तरी ती 'झाली' असं नोंदलं जातं. हात वर करून काही ठरत नाही. मात्र जे बोललं जातं त्याचं उत्तर कंपनीला अंतिम अहवालात द्यावं लागतं. म्हणून "आमचा विरोध आहे" यापेक्षा "तुमच्या नकाशावर आमची रापणीची जागा दाखवलेली नाही, ती इथून इथपर्यंत आहे" हे वाक्य जास्त जड पडतं.

सूचना किमान ३० दिवस आधी निघते. अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध असायला हवा. तो जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत मागा. सगळ्याचं चित्रीकरण होतं. शेवटी मुद्दे वाचून दाखवले जातात, तेव्हा जेवायला उठू नका. आपला मुद्दा वाचला गेला नाही तर तिथल्या तिथे हात वर करून नोंदवून घ्या. लेखी हरकती बाहेरचा माणूसही पाठवू शकतो, त्याचा विषयाशी पटण्याजोगा संबंध असला म्हणजे झालं. माल त्या बंदरातून जाणार असेल तर कोल्हापूरच्या उद्योजकाचा संबंध असतोच.

सीआरझेड, सीआरझेड म्हणतात ते काय?

किनारा नियमन क्षेत्र. १९९१, २०११ आणि २०१९ अशा तीन अधिसूचना आल्या आणि शेवटच्या वेळी नियम सैल झाले. २०१९ नंतर दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आला. घर वाढवू पाहणाऱ्या मच्छीमाराला याचा फायदा झाला, रिसॉर्टवाल्यालाही झाला. दोघांपैकी वास्तुविशारद कुणाला परवडतो, ते तुम्हीच बघा.

आपल्या विषयाला उपयोगी गोष्ट वेगळी आहे. किनारा व्यवस्थापन आराखड्याच्या गावपातळीवरच्या नकाशांत मच्छीमारांची गावं, त्यांच्या सामाईक जागा, जेट्या, बर्फाचे कारखाने, मासे वाळवायच्या जागा दाखवाव्यात, असं २०११ च्या अधिसूचनेत म्हटलं होतं. सातबाऱ्यावर नसलेली जागा सरकारी कागदावर आणायची हीच एक खिडकी.

सगळे मच्छीमार एका बाजूला असतात का?

अजिबात नाही. गाव म्हणजे एक माणूस नव्हे. गाबीत, खारवी, दालदी, कोळी, भंडारी, प्रत्येकाची पद्धत वेगळी, बाजार वेगळा. पर्ससीनवाले (मोठ्या बोटीतून गोल जाळं टाकून अख्खा थवा घेरणारे) आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यात मालवणच्या समुद्रात वर्षानुवर्षं धुमसतंय. राज्याने २०१६ मध्ये पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबरपुरती मर्यादा घातली, तरी भांडण संपलं नाही. मोठ्या बोटवाल्याला खोल जेटी आणि शीतगृह हवं असतं, तो बंदराच्या बाजूने झुकतो. रापणवाल्याला किनारा हवा असतो. बागायतदाराला धुळीची आणि आंब्याच्या मोहोराची काळजी. तरुणाला मुंबईला न जाता काम हवं. 'स्थानिकांचं म्हणणं काय' असं कुणी एका माणसाला विचारून आलं, की समजावं, त्याला सोयीचा माणूस भेटला.

विरोध करणारे विकासविरोधी नाहीत का?

कोल्हापूरच्या टोल आंदोलनाच्या वेळी आपण विकासविरोधी होतो का? रस्ते आपल्याला हवेच होते, आणि ज्या पद्धतीने ते माथी मारले ती नको होती. शक्तिपीठ महामार्गाला कागल-करवीर-शिरोळचा शेतकरी उभा ठाकला तेव्हा त्याने ८०२ किलोमीटरचा नकाशा बघितला नाही, त्याने स्वतःचा बागायती तुकडा बघितला. बरोबरच केलं. एन. डी. पाटील सर राहायला कोल्हापुरात आणि लढायला रायगडच्या सेझविरोधात (विशेष आर्थिक क्षेत्राविरोधात) होते. घाटावरच्या माणसाने किनाऱ्याची बाजू घेण्याची आपल्याकडे परंपरा आहे.

वैभववाडी-कोल्हापूर रेल्वे झाली तर चित्र बदलेल का?

बदलेल. सुमारे १०८ किलोमीटरचा हा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात आला आणि त्यावर अजून गाडी धावलेली नाही. झाला तर कोकण रेल्वेमार्गे बंदराला माल जाईल, घाटातल्या ट्रकच्या रांगा कमी होतील. घाटात दरड कोसळली की कोल्हापूरला मासळी महागते, तेही टळेल. पण मार्ग सह्याद्रीच्या पोटातून जाणार, आणि तिथल्या वाड्यांचं म्हणणं ऐकायची वेळ आत्ता आहे. गगनबावड्याच्या बाजूचं तर आपलंच.

दाद मागायची झाली तर मुंबईलाच जावं लागतं का?

आता नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात चालू झालंय आणि त्याच्या कक्षेत रत्नागिरी व सिंधुदुर्गही आहेत. पर्यावरण मंजुरीच्या तक्रारी पुण्याच्या हरित लवादाकडे जातात, ती वाट वेगळी. पण इतर बाबतींत देवगडच्या मच्छीमाराची याचिका आता आपल्या गावात चालेल. त्याला वकील इथला लागेल, मुक्काम इथे लागेल. अर्ध्या शतकाच्या मागणीनंतर खंडपीठाच्या दिशेने पाऊल पडलं म्हणून आपण फटाके उडवले. त्याबरोबर ही जबाबदारीही आली.

मग तुमचा पाठिंबा आहे की विरोध?

उद्यमनगरात मी विरोधक ठरतो आणि सासुरवाडीला बंदरवाला. बंदर व्हावं, पण आराखड्याच्या पहिल्या नकाशावर होड्यांची वाट, वाळवण, रापणीचा किनारा आणि देवस्वारीची वाट आखलेली असावी, आणि ती आखायला गावच्या बायका बसलेल्या असाव्यात. खलाशाचं नाव यादीत असावं. लाटरोधक भिंतीचा परिणाम शेजारच्या गावांवर काय होईल हे दहा वर्षं मोजायची आणि धूप झाली तर भरून द्यायची जबाबदारी करारात लिहिलेली असावी. एवढं असेल तर मी जनसुनावणीत बाजूने बोलेन.

सध्या एवढंच करतोय: सासूबाईंच्या त्या सात जागा मेव्हण्याच्या पोराने मोबाइलवर नकाशात टिपल्या आहेत, ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे. मागच्या सभेला गणपूर्ती झाली नाही. पुढची नारळी पौर्णिमेनंतर, कारण त्याआधी सगळे जाळी दुरुस्त करण्यात असतात.